तपासणी फी, चार हजारांचा फरक आणि पुसलेली डिस्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: गावातल्या कॉम्प्युटर दुकानाची बाजू घेणारा माझा लेख म्हणजे दुकानदारांची फुकट जाहिरात; तोच लॅपटॉप ऑनलाइन सेलमध्ये चार हजारांनी स्वस्त मिळतो; म्हापशातल्या एका दुकानाने बंद लॅपटॉप ‘नुसता उघडून बघायचे’ पाचशे रुपये घेतले; दुसऱ्याने एसएसडी (जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) बसवताना मुलीचे कॉलेजचे सगळे काम पुसून टाकले; आणि ‘गोव्याची हवा’ ही दुरुस्तीवाल्यांची ठरलेली सबब आहे.

पुसलेल्या डिस्कपासून सुरू करतो, कारण तिथे तुमचे शंभर टक्के बरोबर आहे. एसएसडी बसवायला जुनी डिस्क पुसावी लागतच नाही. जुनी काढायची, नवी घालायची, विंडोज नव्यावर टाकायचे. जुनीला हातही लागत नाही. बहुधा त्या माणसाने जुनी डिस्क जादा जागा म्हणून परत आत बसवायची ठरवली आणि न विचारता फॉरमॅट मारला. रीतसर काम असे होते: आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत बघायची. तिथे ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या. सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालात न निघालेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. तो आकडा शून्य नसेल तर क्लोनिंगच्या, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल करण्याच्या, भानगडीत न पडता आधी कामाची फोल्डरे बाहेर काढायची, कारण अशा डिस्कवर अख्खी कॉपी चालवली की ती मध्येच मान टाकते. तिन्ही आकडे शून्य असतील तर क्लोन करायला हरकत नाही; ५०० जीबीची जुनी डिस्क भरलेली असेल तर दीड-दोन तास लागतात. मग जुनी डिस्क पाकिटात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि महिनाभर तिला हात लावू नका म्हणून सांगायचे.

यात अलीकडे एक नवी गोची आहे. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि ते कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. कुणाच्या खात्यात? विकताना दुकानदाराने घाईत स्वतःच्या किंवा कुठल्या तरी तात्पुरत्या ईमेलवर सेटअप उरकला असेल, तर त्या खात्यात. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला की निळा पडदा ती की मागतो आणि ती कुणाकडेच नसते. डिस्क शाबूत, आतले सगळे गेले. म्हणून नवा लॅपटॉप घेताना सेटअप स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घ्या आणि ते ४८ आकडे कागदावर उतरवून बिलाबरोबर ठेवा.

आता तपासणी फी. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. बंद लॅपटॉप ‘बघणे’ म्हणजे काय ते सांगतो. आधी चार्जर लोडवर तपासतात, मग पिन. मग बॅटरी काढून बोर्डला बेंच सप्लायवरून (टेबलावरच्या वीजपुरवठ्याच्या यंत्रावरून) १९ व्होल्ट देतात आणि करंटचा काटा बघतात. करंट अजिबात घेत नसेल तर दोष पिनमध्ये किंवा तिच्या लगतच्या मॉसफेटमध्ये, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या भागात. काटा थेट मर्यादेला जाऊन भिडला तर मुख्य लाइनवर शॉर्ट. अगदी थोडा करंट घेतो, बटण दाबले तरी पुढे सरकत नाही, तर ३ आणि ५ व्होल्टच्या लाइनी मोजत पुढे जायचे. शॉर्ट शोधायला त्या लाइनवर एखादा व्होल्टच सोडतात आणि बोर्डवर आयसोप्रॉपिल अल्कोहोल हे चटकन उडून जाणारे द्रव फिरवतात. ज्या कपॅसिटरवरचे आधी उडते तो तापतोय, म्हणजे दोषी तोच. हे तासाभराचे काम आहे आणि पुढे दुरुस्ती करा वा न करा, तो तास खर्च झालेलाच असतो.

पण फी आधी सांगितली पाहिजे, दुरुस्ती केली तर बिलातून वजा झाली पाहिजे, आणि निदान लेखी मिळाले पाहिजे. ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान नव्हे. ‘१९ व्होल्टच्या लाइनवर शॉर्ट, चार्जिंग आयसी (चिप) खराब, पार्ट व मजुरी इतकी’ हे निदान. तो कागद घेऊन तुम्ही पणजीत किंवा मडगावात दुसऱ्याला विचारू शकता. तुम्हाला यातले काहीच मिळाले नाही. तुमचा राग पाचशे रुपयांवर आहे, तो असायला हवा त्या न मिळालेल्या कागदावर.

चार हजारांच्या फरकाबद्दल एवढेच: नाव जुळवू नका, मॉडेलचा पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. त्याच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये एकाचा पडदा फिका, बॅटरी लहान, रॅम बोर्डवर कायमची डकवलेली आणि वाढवायला खाच नाही, असे सर्रास असते. शिवाय सेलचा भाव पुष्कळदा ठरावीक बँकेच्या कार्डापुरता असतो. नंबर तंतोतंत जुळत असेल, सेटअप तुम्हाला जमत असेल, तर खुशाल ऑनलाइन घ्या. दुकानाने जास्त घ्यायचे तर त्या बदल्यात काम दिसले पाहिजे: जुन्या मशीनवरचा टॅलीचा (हिशेबाच्या प्रोग्रॅमचा) डेटा नव्यावर आणून उघडून दाखवणे, जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली वाचता येतात का ते बघणे, प्रिंटर जोडून एक पान छापून देणे. जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर घालून घ्या, १८ टक्क्यांची वजावट मिळते. मात्र हे ऑनलाइनही होते, त्याचे श्रेय दुकानदाराला देऊ नका. आणि काही कंपन्या वॉरंटी माल कारखान्यातून निघाल्या दिवसापासून मोजतात. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून तारीख बघा. मागची दिसली तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या.

विंडोजचे वेगळे पैसे मात्र कुणी मागितले तर देऊ नका. विंडोजसकट विकलेल्या अलीकडच्या लॅपटॉपची की बायोसमध्येच, म्हणजे बोर्डवरच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रॅममध्येच, असते. त्याच बोर्डवर तीच आवृत्ती टाकली की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते.

राहिली हवा. ती सबब म्हणून वापरली जाते हे खरे, आणि हवा खरोखर त्रास देते हेही खरे. जुलैत डेस्कटॉप चालू होताना बीप-बीप करतो आणि पडदा काळाच राहतो, यातल्या कितीतरी मशीनना काहीही झालेले नसते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर ओल आणि धुळीचा थर बसलेला असतो. प्लग काढायचा, रॅम उपसायची, धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रॉपिल घेऊन पट्ट्या पुसायच्या, खाच ब्रशने झाडायची, दोन्ही बाजूंचे क्लिप कट्ट वाजेपर्यंत दाबून बसवायची. दहा मिनिटांचे काम. यासाठी नवी रॅम विकणारा तुम्हाला फसवतोय. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्यामुळे ही फसवणूक आता महागही पडते. तसेच तारीख मागे गेली आणि एकही साइट उघडेना, तर लोक इंटरनेट कंपनीला फोन लावतात. दोष असतो सीआर२०३२ या बटणाएवढ्या सेलचा. किनाऱ्यालगत, कळंगुट-कोलव्याकडे, खाऱ्या वाऱ्याने यूएसबीची तोंडे गंजतात, त्याला इलाज पोर्ट बदलणे हाच. पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज अर्धा तास चालवले तर आतल्या उबेने ओल धरत नाही.

हवेपेक्षा जास्त मशीन वीज मारते, त्याबद्दल कुणी बोलत नाही. जांभ्या दगडाच्या जमिनीत एप्रिल-मेपर्यंत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थिंग नसेल तर महागडा सर्ज प्रोटेक्टरही अर्धाच उपयोगी. मान्सून यायच्या सुमारास गडगडायला लागले की प्लगबरोबर लॅनची (इंटरनेटच्या डब्यापासून येणारी) केबलही काढा. फायबर काचेचा असला तरी त्याच्या डब्याचा अडॅप्टर विजेवरच असतो आणि झटका तिथून लॅन पोर्टमध्ये उतरतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, घरचा चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर ठेवायचा की नवा घ्यायचा. दुकानदार ‘नवाच घ्या’ म्हणतो, कारण विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तरी निष्कर्ष घाईचा आहे. नुसते ब्राउझर, बँक आणि मराठी टायपिंग असेल तर २४० जीबीची साटा एसएसडी घालून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजीची फुकट प्रणाली टाका. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. टॅली हवे असेल तर विंडोज १० च ठेवा आणि मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. ती सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून होते आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. फक्त मशीनवर २२एच२ ही आवृत्ती असावी लागते, तेवढे आधी बघून घ्या.