जास्वंदाचा चहा पिऊन बीपीची गोळी सुटत नाही

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल: "वाळलेल्या जास्वंदाचा चहा 21 दिवस प्या, बीपीची गोळी कायमची सुटेल, केस गळायचे थांबतील, पांढरे केस मुळापासून काळे होतील, नैसर्गिक आहे, साईड इफेक्ट शून्य." एरवी मी असलं काही वाचून सोडून देते. पण माझ्या मावशीने हे वाचून आठ दिवस गोळीच घेतली नाही, कोणाला सांगितलंही नाही, डोकं जड व्हायला लागलं तेव्हा बोलली.

आधी गोळीचं बोलते, कारण बाकीच्या गोष्टींनी फार तर वेळ वाया जाईल, याने जीवावर बेतू शकतं. अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागतं. 2010 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला होता, 65 माणसं, सहा आठवडे, अर्ध्यांना रोज तीन कप हा चहा आणि बाकीच्यांना तशाच चवीचं दुसरं पेय. चहावाल्यांचं वरचं बीपी सरासरी 7 ने उतरलं, दुसऱ्यांचं साधारण 1 ने. खालच्या बीपीत ठोस फरक दिसलाच नाही. आणि ही माणसं कोण होती, तर बीपी जरासं वाढलेली, बीपीची एकही गोळी चालू नसलेली! गोळी सोडून त्याऐवजी चहा प्या असं त्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. ज्याचं बीपी गोळ्यांवर कसंबसं आटोक्यात आहे त्याने हा आकडा बघून गोळी थांबवायची? काही गोळ्या तर अचानक बंद केल्या की बीपी उलट उसळी मारतं, छातीत दुखणं सुरू होऊ शकतं. हे त्या मेसेजमध्ये का नाही लिहिलं?

शिवाय तो अभ्यास आपल्या जास्वंदाचा नाहीच. तो चहा लाल अंबाडीचा, फुलाच्या पाकळ्यांचा नाही तर बोंडाभोवतीच्या जाड लाल आवरणाचा. इंग्रजीत दोन्हींना हिबिस्कस म्हणतात म्हणून कोणीतरी सरळ जास्वंद लिहून टाकलं. कूळ एक, झाडं वेगळी.

केसांचं म्हणाल तर जास्वंदात चिकट द्रव्य असतं, लेप लावला की केस मऊ लागतात, गुंता कमी होतो, हे खरंय आणि मीही लावते. केस वाढतात याला जो पुरावा दाखवतात तो 2003 चा, उंदरांवरचा, आणि त्यात फुलांपेक्षा पानांचा अर्क जास्त चालला होता. मग वाळलेल्या फुलांचा चहा पिऊन केस कसे वाढणार? थायरॉइड, रक्त कमी असणं, बाळंतपण, अशा कारणांनी गळणारे केस आधी कारण शोधल्याशिवाय थांबत नाहीत.

पांढरे काळे होणं तर सोडाच. केसाच्या मुळाशी रंग तयार होणं थांबलं की फुलाचा रंग वरून लागतो आणि धुतला की जातो.

साईड इफेक्ट शून्य, हेही खोटं. लाल अंबाडीचा चहा चांगलाच आंबट असतो, ॲसिडिटीवाल्यांना त्रास होतो. बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असताना रोज तीन-तीन कप प्यायलात तर बीपी किंवा शुगर जास्त उतरून चक्कर येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपणात नकोच.

मावशीची गोळी परत सुरू झालीय. तिने हा मेसेज ज्या चौघींना पाठवला होता त्यांना तिनेच फोन केले, त्यातली एक गोळी बंद करून बसली होती.