‘टफन काच वाकत नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर काचेच्या टेबलाबद्दल एक फॉरवर्ड फिरतंय. त्याचं म्हणणं: काच वाकत नाही, थेट फुटते, टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेली) घेतली की झोल पडतच नाही, म्हणजे ती मध्ये खाली वाकतच नाही, आधार चार कोपऱ्यांना द्या की चारी कडांना, वजन तेच, आणि कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये कोपरा लाल (जास्त ताणाचा) दिसतो, म्हणजे काच तिथूनच जाणार.

पहिलं विधान शंभर फुटी रोडवरच्या काचेच्या दुकानात मोठी शीट उचलताना पाहिली तरी निकालात निघतं. आकडाच हवा तर मीटर बाय मीटरची, १० एमएमची काच घ्या. वजन २५ किलो. नुसत्या चार कोपऱ्यांवर टेकवली की वर काही न ठेवताही ती मधोमध सुमारे १ एमएम खाली येते. कर्णावरच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर ॲल्युमिनियमचा सरळ सेक्शन उभा धरा आणि मध्ये एटीएम कार्ड सरकवून बघा. ०.७६ एमएमचं कार्ड आत जायला हवं.

टफनचं म्हणाल तर, काच तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात, पृष्ठभागात दाब साठतो आणि ती फुटायला जास्त ताण लागतो. ताठपणा मात्र तसूभरही वाढत नाही. यंग्स मॉड्युलस (ताठपणाचं माप) साध्या आणि टफन दोन्हींचा ७० गिगापास्कलच्या आसपास. झोल कमी करायचाय? जाडी वाढवा. १० ऐवजी १२ एमएम घेतली तर त्याच ओझ्याखालचा झोल ४० टक्क्यांनी उतरतो.

वजन तेच, हे खरं. पण तीच काच चारी कडांवर टेकवली तर झोल जेमतेम ०.१६ एमएम. म्हणजे कोपऱ्यांवर सहापट! आणि फॉरवर्डवाल्यांना ठाऊक नसलेली खरी गोम पुढे आहे: कडा मोकळ्या असल्या की बेंडिंग मोमेंट (काचेला वाकवणारा जोर) सगळ्यात जास्त मध्यभागी नसतो, कडेच्या मधोमध असतो, मध्यभागाच्या साधारण १.४ पट. नेमक्या त्याच कडेला हिऱ्याने कापताना बारीक टवके राहिलेले असतात. त्यामुळे कडेचं पॉलिश हा शोभेचा खर्च नव्हे. टफनला ते भट्टीत जाण्याआधीच करून घ्यावं लागतं, नंतर कापाकापी चालत नाही.

लाल कोपऱ्याची भीती तर मॉडेलनेच घातलेली. सॉलिड मॉडेलमध्ये कोपऱ्यातला एकच नोड (जाळीचा बिंदू) पकडला की आधाराची सगळी रिॲक्शन (उलटा जोर) एका बिंदूवर येते; मेश (मॉडेलची जाळी) बारीक करत जा, ताणाचा आकडा चढतच राहतो. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल-मेकॅनिकल करणाऱ्या कुणालाही विचारा. खऱ्या टेबलाला रबरी पॅड असतात. ते त्यांच्या खऱ्या मापाने दाखवले की तो भडक आकडा खाली येतो. शिवाय चारही कोपरे तिन्ही दिशांनी जखडू नका. रबरावर काच किंचित सरकते. जखडलेली काच आहे त्याहून ताठ दिसते.

झोल जाडीच्या निम्म्याच्या आत आहे तोवर साधा लिनिअर हिशेब (ओझं दुप्पट तर झोल दुप्पट) पुरतो. त्याच मापाच्या, कोपऱ्यांवर टेकवलेल्या ५ एमएमच्या काचेला तोच हिशेब ४ एमएम झोल दाखवतो, तेव्हा नॉनलिनिअर (झोलाबरोबर बदलणारा ताठपणा धरणारा) हिशेब लावावाच लागतो.