तळ्याची पायरी, कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मला ही म्हण मुळीच पटत नाही. का, ते सांगते.

दरवर्षी २० मार्चला आईला घेऊन महाडला जाते. गर्दीत चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरायलाच किती वेळ लागतो. आई ओंजळीतलं थोडं पाणी पिते, उरलेलं डोळ्यांना लावते.

१९२७ साली बाबासाहेब याच पाण्याला हात लावायला उतरले, तेव्हा कायदा त्यांच्याच बाजूने होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, असा मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं केलं होतं. सगळं कागदावर! पाणी प्यायल्यावर लोकांची डोकी फुटली आणि १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. नगरपालिकेनेही ठराव फिरवला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारो माणसं जमली, तुरुंगात जायची तयारी ठेवून. पण त्याआधीच काही सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला होता. बाबासाहेबांनी लोकांना हुकूम न मोडण्याची गळ घातली. संतापलेल्या माणसांना हे सांगायला काय छाती लागली असेल! लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. मनुस्मृती मात्र जाळली. अन्यायाचं शास्त्र ठामपणे नाकारलं आणि पाण्याचा हक्क कोर्टात लढायला घेतला. मला यात माघार दिसत नाही.

मग खटला चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला, पाणी प्यायल्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी असताना. अस्पृश्यांना मज्जाव ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असं वादींचं म्हणणं होतं. कोर्टाने पुरावा मागितला आणि तो त्यांना देता आला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला कुणी ‘कशावरून?’ विचारलं नव्हतं, त्याला हा प्रश्न विचारला गेला. २० मार्चइतकीच ही तारीखही आपल्या पोरांना पाठ हवी.

हल्ली हक्काचं काही निघालं की लोक म्हणतात, कोर्टात आयुष्य जाईल, सोडून दे. जातं आयुष्य, खरं आहे. तरीही वकीलपत्रावर सही करा.

यंदा निकालाची प्रत काढून आईला दाखवली. इंग्रजी तिला येत नाही. प्रतिवादीचं नाव मी वाचून दाखवलं, भीमराव रामजी आंबेडकर. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि कागद घडी न घालता कपाटात ठेवला.