टायर झिजतो हो, पण गुडघा टायर नाही

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की गुडघ्यातली गादी झिजलेल्या माणसाला व्यायाम सांगणं म्हणजे गुळगुळीत टायरवर गाडी पिटाळणं, आणि माझा गुडघेदुखीच्या व्यायामांवरचा लेख वाचून तुमच्या आईंनी खुर्चीवरून उठबस सुरू केली तर चौथ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. सुजला त्याचा दोष माझ्याकडे येतो, आधीच मान्य करते. मी 10 वेळा, 3 सेट असं ठोकून दिलं आणि खुर्ची किती उंच हवी, हात टेकायचे का, थांबायचं कधी, यातलं एक अक्षर लिहिलं नाही.

पण टायरचं नाही पटलं. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे त्या गादीलाच, रक्तवाहिन्या नसतात, तिला खाऊ मिळतो तो सांध्यातल्या वंगणातून, आणि तो आत शिरायला दाब पडून सुटावा लागतो, म्हणजे हलणं-चालणं आलंच. दुखतंय म्हणून बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू वाळतो, मग तो पेलायचा तो भारही गुडघ्यावरच. आणि एक्सरेत भरपूर झीज असूनही मजेत टेकडी चढणारे असतात, उलटेही असतात, त्यामुळे नुसत्या एक्सरेला घाबरू नका.

आईंची उठबस सूज उतरेपर्यंत बंदच. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, 5 सेकंद धरायची, सोडायची, एवढंच. सूज गेली की खुर्चीवर जाड उशी घालून, हाताने आधार घेत 5 वेळा उठायचं. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं किंवा सूज दिसली तर डोस जास्त झाला, निम्म्यावर या. फरक पडायला 6-8 आठवडे तरी जातात, मध्येच सोडू नका. गुडघा गरम लागतोय, ताप आहे, अडकून बसतोय, असं काही असेल तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे.

आणि पर्वती टेकडी चढणं इतक्यात नको. चढताना माझंही कधी अडलं नाही, उतरताना मात्र कठड्याला धरून आडवी आडवी यायचे, कारण उतरतानाच गुडघ्यावर जास्त भार येतो. तोवर खालीच सारसबागेत सपाटीवर चाला.

लेखात आजच दुरुस्ती टाकते. आई खुर्चीवरूनच उठत होत्या ना, की बुटक्या दिवाणावरून? तेवढं कळवा.