माशी, मासा आणि निरगाठ

पायजम्याच्या नाडीला सुरगाठ मारावी आणि ऐन घाईच्या वेळी तिची निरगाठ होऊन बसावी, एवढाच गाठींशी माझा आजवरचा संबंध होता. त्यामुळे कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जायचे ठरले, तेव्हा मी थंडीची आणि परवान्याची काळजी केली. दोऱ्याची केली नाही.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला आमिष नसते, पिसे आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन असे नसल्यामुळे खरी फेकायची ती जाड दोरी; त्या दोरीला नऊ फुटांचा निमुळता लीडर, लीडरला टिपेट नावाचा पारदर्शक तंतू आणि टिपेटला माशी, म्हणजे मासा दिसण्यापूर्वीच प्रत्येक सांध्यावर एक गाठ. माझे टिपेट ५ एक्सचे, म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीचे होते आणि गळ १६ नंबरचा. या छंदात आकडा वाढला की वस्तू बारीक होते. हा नियम माझ्या पँटच्या मापाला लागू असता तर मी घरीच सुखात राहिलो असतो.

क्लिंच नॉट ही म्हणे सर्वांत सोपी गाठ. तंतू गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्याच्या टोकाने मूळच्या तंतूभोवती पाच वेढे द्यायचे, नेढ्यालगत उरलेल्या इवल्या फटीतून ते टोक परत काढायचे, गाठ ओली करायची आणि सावकाश ओढायची. आठवडाभर रोज रात्री जेवणाच्या टेबलावर मी हा प्रयोग केला. चष्मा लावला तर नेढे दिसे आणि तंतू हरवे, चष्मा काढला तर दोन्ही हरवत. चौथा वेढा सुरू आहे की पाचवा, या विचारात चिमूट सैल पडे आणि सगळे वेढे स्प्रिंगसारखे उलगडत. दोन माश्या टेबलक्लॉथमध्ये रुतल्या, एक अंगठ्यात.

शेवटी आईने सगळे सामान स्वतःकडे ओढले. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसते. तिने टोक ओठांत धरून ओले केले, पहिल्या झटक्यात ओवले, वेढे पुटपुटत मोजले आणि गाठ आवळली. नायलॉन कोरडे ओढले तर घर्षणाने तापून कमजोर होते, हे मी वाचून शिकलो होतो. आईला ते गोधड्या शिवताना कोणी सांगितले नसावे.

“खाणार आहेस का तो मासा?” तिने विचारले.

“नाही गं, धरून परत पाण्यात सोडायचा असतो.”

“मग गाठ इतकी पक्की कशाला हवी?”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

तीर्थनवर आईने बांधलेली माशी पहिल्या तासातच एका फांदीत अडकली आणि फांदीसकट तिथेच राहिली, कारण गाठ काही सुटेना. दुसरी मी गारठलेल्या बोटांनी स्वतः बांधली. दुपारी एका खडकामागे पाणी चमकले, काठी वाकली, पिवळसर पोटाचा ब्राउन ट्राउट क्षणभर दिसला आणि दोरी एकदम हलकी झाली. वाटाड्याने टिपेटचे टोक बोटावर घेतले. ते डुकराच्या शेपटीसारखे कुरळे झाले होते.

“टूटा नहीं है, साहब,” तो अतिशय अदबीने म्हणाला, “खुल गया है.”

रात्री आईचा फोन आला.

“मिळाला का रे मासा?”

“मिळाला.”

“सोडलास ना त्याला?”

“सोडला,” मी म्हणालो.