मला रस्ता दिसतो, मग सायकलला लाइट कशाला? या फॉरवर्डला उत्तर

सध्या आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, वाडीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला, मासेवाल्यांच्या पण आला. म्हणणं थोडक्यात असं की गावच्या सायकलवाल्याला रात्री लाइटची गरज नाही. रस्ता पायाखालचा असतो, चांदण्यात सगळं दिसतं, सायकल हळू चालते, मागे रिफ्लेक्टर असतोच, गाडीवाल्याला हेडलाइट आहे तर बघायचं काम त्याचं, लाइटने उलट समोरच्याचे डोळे दिपतात, कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, आणि लाइट लावा म्हणणं म्हणजे शहरातलं फॅड आणि गरिबावर खापर फोडणं. लोक अंगठे देऊन पुढे ढकलतायत आणि त्यात रोज अंधारात सायकल मारणारे पण आहेत, म्हणून हे लिहितोय. एकेक मुद्दा घेतो.

रस्ता पायाखालचा आहे, चांदण्यात दिसतं. हो दिसतं, नाही कोण म्हणतंय. अर्धा तास काळोखात राहिलं की डोळा सरावतो, आणि लहानपणापासून त्याच वाटेने जाणाऱ्याला तर खड्डा न् खड्डा पाठ असतो. पण हा सगळा हिशोब सायकलवाल्याच्या डोळ्यांचा झाला. मागून जो येतोय त्याचे डोळे स्वतःच्या हेडलाइटला सरावलेले असतात, त्या उजेडाच्या पट्ट्याबाहेर त्याच्यासाठी चांदणं नसतंच, नुसता काळोख. सायकलचा मागचा लाल लाइट रस्ता बघायला नसतोच मुळी, तुम्ही तिथे आहात हे दुसऱ्याला लांबून कळावं म्हणून तो असतो, आणि अख्ख्या मेसेजमध्ये नेमकी हीच गोष्ट सोडून दिलीय. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या बाइकचा हेडलाइट इंजिन चालू असताना बंदच करता येत नाही, भर दुपारी पण चालू राहतो, तो काय बाइकवाल्याला उन्हात रस्ता दिसावा म्हणून? बाइक दुसऱ्याला दिसावी म्हणून. बाकी जून ते सप्टेंबर ढगात पौर्णिमा कधी येऊन जाते हे कळत पण नाही, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सायकल हळू चालते म्हणून धोका कमी. हा मुद्दा ऐकायला एकदम बरोबर वाटतो म्हणून इथे जरा आकडेमोड करू. समजा बाइकवाला ६० च्या स्पीडने येतोय आणि पुढे सायकल १५ ने चाललीय. वेगातला फरक ४५, म्हणजे दोघांमधलं अंतर दर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होतंय. गडद शर्टातला माणूस खाली केलेल्या हेडलाइटमध्ये ३० मीटरवर दिसला असं धरा, म्हणजे हातात राहिले साधारण २.४ सेकंद. त्यातले दीड-दोन सेकंद पुढे काहीतरी आहे, अरे ही तर सायकल आहे, हे डोक्यात शिरून हातपाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. उरतो अर्धा-पाऊण सेकंद, आणि ओल्या डांबरावर ६० वरून थांबायला नुसत्या ब्रेकचेच पस्तीसेक मीटर लागतात. कुठून जमणार? आता तीच सायकल, पण मागे लाल लाइट आणि तो सरळ रस्त्यावर २०० मीटरवरून दिसला, तर बाइकवाल्याकडे १६ सेकंद आहेत. वेग तोच, रस्ता तोच, माणसं तीच. म्हणजे सायकल हळू आहे म्हणूनच तिला लाइट जास्त लागतो, कारण ५० ने जाणाऱ्या बाइकला मागचा इतक्या पटकन गाठत नाही.

याच मुद्द्याखाली कोणीतरी भर घातलीय की उजव्या बाजूने चालवा, समोरची गाडी दिसते आणि बाजूला होता येतं. कृपा करून हे कोणी करू नका. चालणाऱ्याने उजव्या बाजूने चालावं हे बरोबर आहे, तो पटकन साइडपट्टीवर उतरू शकतो. सायकल उलटी घातली की वेग वजा होत नाही, बेरीज होते, ६० अधिक १५. मग तेच ३० मीटर दीड सेकंदाच्या आत संपतात.

मागे रिफ्लेक्टर असतोच. या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण बहुतेक लोकांची खरी भिस्त यावरच आहे. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, जिथून उजेड आला तिकडेच तो परत पाठवतो. घरी करून बघा. रात्री सायकल अंगणात लावा, दहा-पंधरा पावलं मागे जा, मोबाइलचा टॉर्च अगदी डोळ्याजवळ धरून रिफ्लेक्टरवर मारा, लालबुंद पेटेल. आता तोच टॉर्च हात लांब करून बाजूला धरा, लगेच फिका पडतो. ट्रक-डंपरचा ड्रायव्हर हेडलाइटच्या किती वर बसतो बघा, म्हणजे जवळ आल्यावर त्याला तो लाल तुकडा बाइकवाल्यापेक्षा कमीच चमकताना दिसणार. शिवाय गाडीचा उजेड सरळ जातो आणि आपला रस्ता सरळ कुठे जातो? वळणावर हेडलाइट समोरच्या जांभ्याच्या दरडीवर नाहीतर करवंदीच्या जाळीवर पडलेला असतो आणि सायकल वळणाच्या आत काळोखात. तिथे रिफ्लेक्टरवर उजेडच पडत नाही तर तो परत काय पाठवणार, पण लाल लाइट स्वतःच पेटलेला असल्यामुळे दिसतो.

आणि रिफ्लेक्टर असतोच म्हणजे कुठे असतो? रत्नागिरीजवळचा भाट्याचा पूल ओलांडून पावस गावाच्या बाजूला पहाटे कधी गेलात तर पाववाल्यांच्या सायकली बघा. कॅरियरवर पावाची मोठी पेटी, त्यावर निळं प्लास्टिक, रबराच्या पट्ट्याने करकचून बांधलेलं, आणि ते प्लास्टिक मागून खाली लोंबतं ते थेट मडगार्डवर. रिफ्लेक्टर त्याच्या मागे. भोंगा ऐकू येतो पों पों, माणूस दिसत नाही, आणि हेल्मेटमध्ये बाइकवाल्याला तो भोंगा पण नीट ऐकू येत नाही. ज्यांच्या कॅरियरवर काही नाही त्यांच्या रिफ्लेक्टरवर पावसाळ्यात लाल चिखलाचा थर बसलेला असतो, सुकला की तो बोटाने पुसून पण निघत नाही, ओल्या फडक्याने घासावा लागतो. रिफ्लेक्टर वाईट असं मी म्हणत नाही, २०२० साली केंद्र सरकारने सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी क्वालिटीची ऑर्डर काढली ते चांगलंच झालं, असू दे तो, पुसत जा. फक्त लाइटचं काम त्याच्यावर सोपवू नका.

गाडीवाल्याला हेडलाइट आहे, बघायचं काम त्याचं. यातला अर्धा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. दिसतं तेवढ्याच अंतरात थांबता येईल अशा स्पीडने गाडी चालवणं ही चालवणाऱ्याचीच जबाबदारी आहे, आणि आपल्याकडे रात्री ती फार कमी लोक पाळतात. समोरून गाडी आली की हेडलाइट खाली करायचा असतो हे तर कित्येकांच्या गावीच नसतं. पण ही जबाबदारी आठवून देणारा मेसेज सायकलवाल्यांना लाइट नको म्हणतो तेव्हा तो त्यांच्याच जिवावर उठतो. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस डोळ्यासमोर आणा. मुंबईहून निघालेला चाकरमानी हायवेच्या ट्रॅफिकमधून रात्रभर गाडी चालवून पहाटे आपल्या आतल्या रस्त्याला वळतो, डोळे तांबारलेले, काचेवर पाऊस, वायपर चालू, आणि समोरून दुसरी गाडी फुल लाइट टाकून येते. त्या चार-पाच सेकंदांत दोन उजेडांच्या मधे जो कोणी असेल तो त्याला दिसतच नाही. नजर परत जाग्यावर यायला वेळ लागतो, साठीच्या माणसाला तर आणखी जास्त. आत रस्त्याची रुंदी किती, बऱ्याच ठिकाणी एका गाडीपुरती, पावणेचार मीटर, मग गाडीवाला डावी चाकं साइडपट्टीवर उतरवतो, आणि सायकलवाला नेमका तिथेच असतो. तो गाडीवाला दारू प्यायलेला नाही, माजलेला नाही, त्याला खरंच दिसलेलं नसतं. रात्री आरती-भजनं उरकून एका घरून दुसऱ्या घरी सायकलने जाणारी आपलीच पोरं त्याच दिवसांत त्याच रस्त्यांवर असतात. चूक त्याची ठरली तरी हाडं आपल्या पोराची मोडणार.

लाइटने डोळे दिपतात. पुढचा जोरदार पांढरा एलईडी आडवा धरला तर दिपतात, खरं आहे. तो थोडा खाली वाकवायचा, आठ-दहा मीटर पुढे रस्त्यावर उजेड पडेल एवढा. मागचा छोटा लाल लाइट कोणाचे डोळे दिपवत नाही. विषय संपला.

शहरातलं फॅड. डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये सुमारे ३,८०० सायकलवाल्यांवर वर्षभर अभ्यास झाला, जवळपास निम्म्यांना कायम चालू राहणारे लाइट बसवून दिले, बाकीच्यांना नाही. लाइटवाल्यांचे दुखापतीचे अपघात १९ टक्क्यांनी कमी निघाले, आणि यात दिवसाचे अपघात पण धरलेत. तिकडे रात्री रस्त्यावर दिवे असतात. आपल्याकडे मिरकरवाड्याला पहाटे बोटीवर जाणारा खलाशी, आंब्याच्या बागेतला राखणदार, सकाळच्या क्लासला निघालेली अकरावीची मुलगी यांना दिव्याचा खांब मैलभर दिसत नाही. जानेवारीत सूर्य उगवतो सातनंतर, क्लास सुरू होतो त्याच्या आधी.

कायद्यात नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा, तो मोटारीचा, सायकल त्यात मोटार वाहन म्हणून बसत नाही, त्यामुळे आरटीओ तुम्हाला लाइटसाठी पकडत नाही हे बरोबर. पूर्वी दिवा नसलेली सायकल पोलीस अडवायचे आणि चाकाची हवा सोडायचे हे गावातली जुनी माणसं अजून सांगतात. पण दंड होत नाही म्हणून फरक पडत नाही असं नाही. अपघाताच्या भरपाईचा दावा लागतो तेव्हा जखमी माणसाचा स्वतःचा निष्काळजीपणा किती हा प्रश्न निघतो, आणि तो ठरला तर रक्कम कमी होते. सायकलला लाइट नव्हता, हे विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा काढणार. ज्याच्या घरात कमावणारा एकच, त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट आहे का सांगा.

राहिलं गरिबावर खापर. हा मुद्दा मनापासून मांडलेला असेल तर त्याचं उत्तर लाइट नको हे नाही, लाइट मिळवून द्या हे आहे. मागचा साधा लाल लाइट शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. डायनॅमोवाला असेल तर तोही चालेल, पण सायकल थांबली की साधा डायनॅमो बंद होतो आणि चढावर उतरून ढकलताना तुम्ही परत काळोखात, म्हणून सोबत सेलवाला एक हवाच. मंडळाच्या वर्गणीतून वाडीतल्या पाववाल्याला, पेपरवाल्याला आणि बागेतल्या राखणदाराला एकेक लाइट देता येईल, मी आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये हा विषय टाकलाय. देताना बसवून पण द्या, कारण दुकानदार सवयीने सीटच्या खालच्या पाइपला लावतो आणि पेटी चढली की तो झाकला जातो. पाववाल्याचा लाइट पेटीच्या मागच्या बाजूला, प्लास्टिकच्या वरून, तारेने घट्ट बांधायचा, आणि बांधून झालं की वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन दिसतो का ते बघायचं.