रीफ टाकी, फॉस्फेट आणि तो तुरटीचा खडा

शनिवारी सकाळी सातला भाच्याचा फोन. "मामा, लेदर पार मिटलाय. पाणी दुधासारखं दिसतंय." (लेदर म्हणजे त्याच्या टाकीतलं एक मऊ प्रवाळ.) काय टाकलंस, विचारलं. जरा वेळ आवाजच नाही. मग हळूच, "तुरटी."

पोरगा अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, माझ्यापासून अर्ध्या तासावर. ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८० लिटरची खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी, म्हणजे रीफ टाकी, त्याने दीड वर्षं नीट सांभाळली होती. हे सुचलं कुठून? तर पुण्याहून ताईने, म्हणजे त्याच्या आईने, एक मेसेज पुढे ढकलला होता: "प्रवाळाच्या टाकीतलं फॉस्फेट शून्य करा! सहा घरगुती उपाय, केमिकल अजिबात नाही." ताईला टाकीतलं काही कळत नाही, लेकाच्या उपयोगाचं दिसलं, पाठवलं. पण तोच मेसेज मला आणखी दोन गटांत आला, तेव्हा लिहायला बसलो.

क्रमाने जाणार नाही. आधी उपाय क्रमांक दोन, कारण वाटोळं त्याने केलं: "तुरटीचा खडा दोन दिवस टाकीत सोडा, फॉस्फेट तळाशी बसेल."

पहिली गोष्ट, तुरटी केमिकल नाही तर काय आहे? पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. दुसरी, यात तथ्य आहे हे नाइलाजाने कबूल करतो. ॲल्युमिनियम फॉस्फेटला धरतं, म्हणून सांडपाण्याच्या प्रक्रियेत आणि शेवाळलेल्या तळ्यांत ॲल्युमिनियमचे क्षार वापरतात. पण हिशेब कोणी केला? टाकीत खडक आणि वाळू धरून खरं पाणी २५० लिटर. फॉस्फेट होतं ०.२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), म्हणजे सगळं मिळून ५० मिलिग्रॅम. तेवढ्याला कागदावर पाव ग्रॅम तुरटी पुरते. भाच्याने टाकलेला खडा ५० ग्रॅमचा. दोनशे पट!

उरलेली तुरटी गप्प बसत नाही. पाण्यात विरघळली की तिचं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होतं (तेच ते दुधाळ) आणि आम्ल सुटतं. ५० ग्रॅम तुरटी २५० लिटर पाण्याची अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, तो डीकेएचमध्ये मोजतात) जवळपास साडेतीन डीकेएचने खाली आणते. भाच्याचं पाणी ८ वर होतं, मी मोजलं तेव्हा ४.६. कठीण प्रवाळ याच साठ्यातून सांगाडा बांधतात. शिवाय लिटरमागे ११ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम, जे समुद्रात लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच असतं. लेदरसारखी मऊ प्रवाळं ॲल्युमिनियमने मिटतात, हा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पिशवी फिल्टरमध्ये ठेवणाऱ्या अनेकांचा जुना अनुभव आहे. आजीने माठातलं पाणी तुरटीने निवळवलं ते बरोबरच केलं. माठात प्रवाळ नव्हतं.

आता मेसेजचा पायाच असलेला पहिला मुद्दा: "फॉस्फेट हे प्रवाळाचं विष, ते शून्यच हवं." अर्धं खरं. जास्त फॉस्फेट कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांची वाढ अडवतं आणि केसाळ शेवाळाला पोसतं. म्हणून ०.२० खाली आणायचं, यात वाद नाही. पण शून्य? इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग विडेनमान यांच्या गटाने २०१३ साली 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये नेमकं उलटं दाखवलं. पाण्यात नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट तुटपुंजं असलं, तर ऊन आणि उष्णता वाढताच प्रवाळ लवकर पांढरं पडतं. प्रवाळाच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला आपल्या पेशींची आवरणं बांधायला फॉस्फरस लागतो. तो मिळेना, की ते गंधकाच्या मेदावर भागवतं, आणि ती तडजोड तापमान चढलं की टिकत नाही. म्हणजे नायट्रेट तसंच ठेवून फक्त फॉस्फेट संपवणं हा प्रवाळ पांढरं करायचा सोपा रस्ता. बहुतेक जुने रीफवाले ०.०३ ते ०.१० च्या मध्ये राहतात, मीही.

आणि शून्य मोजणार कसं? हॅना कंपनीचा जो छोटा चेकर, म्हणजे मोजायचं यंत्र, फॉस्फरस पीपीबीत (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवतो, त्याचा आकडा ३.०६६ ने गुणला की फॉस्फेट मिळतं. त्या यंत्राची चूकच पाच पीपीबीपर्यंत असू शकते. तेव्हा "०" दिसलं तरी खरं फॉस्फेट ०.०१५ पीपीएम असू शकतं.

"चुन्याची निवळी घाला." हा एकच उपाय ऐकून मी हसलो नाही. रीफवाले खरंच निवळी वापरतात, काल्कवासर असं जर्मन नाव लावून. पण ती मुख्यतः कॅल्शियम आणि अल्कलिनिटीसाठी, थेंबाथेंबाने, रात्रभर. संपृक्त निवळीचा पीएच १२.४ असतो, मेसेजमध्ये लिहिलंय तशी "एक तांब्या" एकदम ओतलीत तर काय होईल ते बघवणार नाही. पानाचा चुना तर नकोच.

"मालवणच्या किनाऱ्यावरून वाळलेली प्रवाळं आणून टाका, ती फॉस्फेट शोषतात." शोषतात, काही दिवस. मग भरतात. आणि खडक बांधणारी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, मेलेली असली तरी. अमेरिकेत आणताना विमानतळावर काय सांगणार?

"पाणी उकळून वापरा." फॉस्फेट उडून जात नाही, वाफ जाते, उरलेलं पाणी उलट दाट होतं. आरओ-डीआयचं (फिल्टरने क्षार काढलेलं) पाणी वापरा आणि सोडा.

"मासे आठवडाभर उपाशी ठेवा." खाणं हाच फॉस्फेटचा मुख्य स्रोत, हे खरं. कमी घाला. उपाशी कशाला मारता?

शनिवारी ६० लिटर नवं खारं पाणी घेऊन गेलो, तळाचा गाळ ओढून काढला, गाळणीचा सॉक आणि कार्बनचा फिल्टर लावला. डीकेएच रोज अर्ध्याने वर. तुरटीनंतर फॉस्फेट ०.०१ पर्यंत उतरलं होतं, ते बघून भाचा म्हणाला, "मामा, मेसेज चालला की." मी म्हटलं, आठ दिवस थांब.

आज आठवा दिवस. मासे जेमतेम खातायत, बाहेरून विशेष काही गेलेलं नाही, तरी ०.०९. दीड वर्षं खडकांत आणि वाळूत साठलेलं फॉस्फेट आता परत पाण्यात येतंय, आणि ते महिनोन् महिने येत राहील. फॉस्फेट शोषणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे, म्हणजे जीएफओ, डब्यावर सांगितल्याच्या अर्ध्या मापाने रिॲक्टरमध्ये (ज्यातून टाकीचं पाणी फिरतं त्या नळकांड्यात) भरलेत; दर रविवारी मोजायचं ठरलंय. लेदरच्या एका कडेचे पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) काल संध्याकाळी बाहेर आले. दुसरी कडा अजून मिटलेलीच आहे.